गळा त्यांचा, गल्ला कुणाचा?

मोबाइलवर रोज नवी करामत येऊन आदळते. कुणी मेलेल्या गायकाला गायला लावतं, कुणी क्रिकेटपटूला जुगाराची जाहिरात करायला लावतं, कुणी तुमच्या घरच्या फोटोचं जपानी कार्टून करून देतं. एआयचे भक्त आणि एआयचे वैरी दोघंही यंत्रावरूनच भांडत बसतात. यंत्र जरा बाजूला ठेवा. माणसांचं बोला. ज्याचा चेहरा किंवा आवाज घेतला, त्याला विचारलं का? त्याला पैसे दिले का? त्याचं नाव लिहिलं का? या तीन प्रश्नांनी बहुतेक प्रकरणांचा निकाल लागतो. गेल्या तीनेक वर्षांतल्या गाजलेल्या गोष्टींना हेच प्रश्न विचारून पाहू.

लिफ्टमधला तो एक सेकंद

नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदानाचा म्हणून एक व्हिडिओ देशभर फिरला. काळ्या कपड्यांतली तरुणी लिफ्टमध्ये शिरते, हसते आणि व्हिडिओ संपतो. थांबवत थांबवत पाहिला तर चोरी डोळ्यांना दिसते. लिफ्टच्या दारातून आत येताना चेहरा वेगळाच असतो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्या जागी रश्मिका येते. मूळ व्हिडिओ ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या एका तरुणीने महिनाभर आधी स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकलेला होता. म्हणजे एका क्लिपसाठी दोघी लुटल्या गेल्या. एकीचा चेहरा घेतला, दुसरीचं शरीर घेतलं. बातम्या मात्र एकीच्याच झाल्या.

जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी आंध्रातल्या गुंटूरहून २४ वर्षांच्या एका इंजिनिअरला अटक केली. तो रश्मिकाच्या नावाचं फॅन पेज चालवत होता आणि त्याला फॉलोअर वाढवायचे होते. पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार दोन आठवड्यांत ते ९० हजारांवरून १ लाख ८ हजारांवर गेले. अठरा हजार फॉलोअरसाठी त्याने दोन बायकांची अब्रू चव्हाट्यावर मांडली. ज्याला याची लाज वाटत नाही त्याने स्वतःला कुणाचाही चाहता म्हणवू नये. आणि ज्यांनी 'बघ रे, खरं आहे का' म्हणत ती क्लिप पुढे ढकलली, त्यांचे हातही स्वच्छ नाहीत.

सचिनच्या तोंडी जुगार

पुढचा बळी सचिन तेंडुलकर. जानेवारी २०२४ मध्ये एका गेमिंग ॲपची भलामण करणारा त्याचा व्हिडिओ आला. आपली मुलगीही या खेळातून पैसे कमावते, असं त्याच्या तोंडी घातलेलं होतं. १५ जानेवारीला सचिनने स्वतः एक्सवर सांगितलं की हा व्हिडिओ बनावट आहे, आणि मुंबईत गुन्हा दाखल झाला. दारू-तंबाखूची जाहिरात करणार नाही, हा वडिलांना दिलेला शब्द ज्याने आयुष्यभर पाळला, त्याच्याच तोंडून तुम्हाआम्हाला झटपट पैशाचं आमिष दाखवलं गेलं.

एप्रिल २०२४ मध्ये मुंबईतल्या राष्ट्रीय शेअर बाजारालाही जाहीर इशारा द्यावा लागला. त्यांचे प्रमुख आशिषकुमार चौहान शेअरच्या टिप देत असल्याचे खोटे व्हिडिओ फिरत होते. अशा प्रकारांची रीत ठरलेली असते. जुन्या मुलाखतीचं चित्रण घ्यायचं, त्यावर नकली आवाज चढवायचा आणि ओठ त्या आवाजाशी जुळवायचे. चेहरा कुणाचा घ्यायचा हे मात्र हे भामटे फार विचारपूर्वक ठरवतात. चोवीस वर्षं मैदानात उभं राहून सचिनने जो विश्वास कमावला तो त्यांना एका रात्रीत वटवायचा असतो. बदनामी सचिनची होते आणि बुडते एखाद्या निवृत्त मास्तरांची पुंजी.

म्हणून एक साधा नियम करा. कुठलाही नामवंत माणूस व्हिडिओतून तुम्हाला शेअर, ॲप किंवा 'खात्रीची योजना' सुचवत असेल, तर तो व्हिडिओ खोटा धरूनच चाला. चुकलात तरी नुकसान काहीच नाही.

आशाताईंचा गळा

२९ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. आरिफ डॉक्टर यांनी आशा भोसले यांना अंतरिम दिलासा दिला. हा आदेश प्रत्येक गाणाऱ्याने समजून घ्यावा असा आहे. कुणाचाही आवाज एखाद्या नामवंत कलावंताच्या आवाजात बदलून देणारं साधन त्या कलावंताच्या परवानगीविना उपलब्ध करून देणं, हाच त्याच्या हक्काचा भंग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. आदल्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, याच न्यायालयात न्या. आर. आय. छागला यांनी अरिजित सिंगला असंच संरक्षण दिलं होतं. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूरचं नाव, चेहरा, आवाज इतकंच काय, त्याच्या 'झकास'चाही बाजारी वापर रोखला.

हे नकली आवाज तयार कसे होतात ते जवळून पाहिलं, की फसवणूक किती खोल आहे ते कळतं. गायिकेच्या रेकॉर्डिंगमधून वाद्यं बाजूला काढतात आणि नुसता गळा संगणकाला पुरवतात. संगणक त्या गळ्याचा पोत शिकतो. मग कुणी तरी तिसरीच व्यक्ती माइकसमोर उभी राहून गाणं म्हणते आणि तिच्या आवाजावर हा पोत चढवला जातो. श्वास कुठे घेतला, मुरकी कुठे टाकली, शब्द कुठे अलगद सोडला, हे सगळं त्या तिसऱ्या व्यक्तीचंच राहतं. 'आशा भोसले यांच्या आवाजात' असं बेधडक लिहिलेल्या क्लिपमध्ये आशाताईंनी घेतलेला एकही निर्णय नसतो. आणि जिने खरोखर घसा ताणला त्या अनाम गायिकेचं नावही कुठे नसतं. इथेही दोघी लुटल्या गेल्याच.

आशाताईंनी मराठी चित्रपटासाठी पहिलं गाणं गायलं ते १९४३ साली, वयाच्या दहाव्या वर्षी. वडील मास्टर दीनानाथ वर्षभरापूर्वीच गेले होते. नाट्यगीत, भावगीत, लावणी, गझल, कॅबरे यांतून ऐंशी वर्षं घासून घासून तो गळा तयार झाला. तो कुणी दोन-चार तासांत उतरवून घ्यावा आणि वर 'ही तर आदरांजली' म्हणावं, हे मला मान्य नाही. आदर असेल तर आधी विचारा.

रहमान यांनी विचारलं

ही गोष्ट नीट करता येते, याचा पुरावाही आपल्याच देशात आहे. २०२४ च्या 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यासाठी ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयच्या मदतीने वापरले. बंबा बाक्या २०२२ मध्ये गेले होते, शाहुल हमीद १९९७ मध्ये. टीका सुरू होताच रहमान यांनी जाहीर केलं की दोन्ही कुटुंबांची परवानगी घेतली आहे आणि योग्य तो मोबदला दिला आहे. गाण्याला दोघांची नावंही होती. तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली आणि विषय संपला.

त्याच सुमारास तेलुगू चित्रपटसृष्टीत उलटं घडलं. दिवंगत गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज 'कीडा कोला' या चित्रपटात एआयने वापरल्यावरून त्यांचे चिरंजीव एस. पी. चरण यांनी निर्मात्यांना कायदेशीर नोटीस धाडली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आम्हाला विचारलं नाही. साधन एकच, काळ एकच, आणि एका घरी समाधान तर दुसऱ्या घरी मनस्ताप. फरक फक्त एका फोनचा होता. तो फोन करायला कुठलंही तंत्रज्ञान आड येत नाही.

मेलेला कुंदन उठला

१ ऑगस्ट २०२५ रोजी 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती 'अंबिकापती' नव्याने चित्रपटगृहांत आली, आणि शेवट बदललेला होता. २०१३ च्या मूळ चित्रपटात बनारसचा कुंदन रुग्णालयात प्राण सोडतो. आपण पुन्हा उठावं तरी कशासाठी, या त्याच्या थकलेल्या प्रश्नावरच तो सगळा चित्रपट उभा आहे. नव्या आवृत्तीत एआयने त्याचे डोळे उघडले, त्याला उठवून बसवलं आणि गोड शेवट चिकटवला. दिग्दर्शक आनंद एल. राय यांना विचारलं नव्हतं. कुंदन साकारणाऱ्या धनुषनेही तीव्र नाराजी जाहीर केली. चित्रपटाचे हक्क आमच्याकडे आहेत, असं निर्मात्या कंपनीचं उत्तर होतं.

हक्काचा कागद कंपनीकडे असेलही. पण धनुषने तेव्हा कॅमेऱ्यासमोर मरण वठवलं होतं. त्याने न केलेला अभिनय त्याच्या चेहऱ्यावर चढवण्याचा अधिकार त्या कागदाने कुणाला दिला? उद्या एखाद्या हिशेबनिसाला वाटेल की 'सैराट'चा शेवट फार जड जातो, आर्ची-परश्याला जगवू या, पुन्हा तिकिटं खपतील. नागराज मंजुळे यांनी त्या शेवटच्या शांततेत जे सांगितलं, ते मग गेलंच म्हणायचं. शेवट हा दिग्दर्शकाचा असतो. पैसे घालणाऱ्याने तो बदलू नये.

चार सेकंद, सव्वा वर्ष

मार्च २०२५ च्या अखेरीस चॅटजीपीटीत चित्रं काढण्याची नवी सोय आली आणि दोन दिवसांत भारतातले निम्मे प्रोफाइल फोटो जपानच्या स्टुडिओ घिबलीच्या शैलीत रंगले. लग्नाचे, बारशाचे, गडावरच्या सहलीचे फोटो त्यात होते. मंत्री आणि सरकारी खातीही मागे राहिली नाहीत.

त्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहा. हायाओ मियाझाकी यांच्या 'द विंड रायझेस' या २०१३ च्या चित्रपटात गर्दीचा एक चार सेकंदांचा प्रसंग आहे. त्यातला एकेक माणूस हाताने काढायला आणि हलवायला एका चित्रकाराला सव्वा वर्ष लागलं. गर्दीतल्या कोपऱ्यातल्या माणसालाही स्वतःची घाई, स्वतःची चाल हवी, हा त्यामागचा आग्रह. २०१६ मध्ये तरुण तंत्रज्ञांनी मियाझाकींना संगणकाने हलवलेली एक विद्रूप आकृती दाखवली, तेव्हा हा जगण्याचाच अपमान आहे, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

घरच्या हौसेसाठी एखादं चित्र काढून घेतलं म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. पण त्या शैलीवर कंपन्यांनी जे ग्राहक जोडले, त्यातला एक छदामही त्या चित्रकाराच्या टेबलापर्यंत पोचला नाही. हे चूक आहे, आणि ते चूक म्हणायला कलेतलं तज्ज्ञ असावं लागत नाही. आपल्याकडची वारली चित्रकला याच वाटेवर उभी आहे. चादरी, कप आणि हॉटेलांच्या भिंतींवर ती आधीच फुकटात गेली. आता ती दोन ओळींच्या आज्ञेवर उतरेल आणि पालघरच्या पाड्यावरच्या बाईला त्याची खबरही नसेल.

गेलेल्यांना तरी सोडा

३० सप्टेंबर २०२५ रोजी ओपनएआयने 'सोरा' हे व्हिडिओचं ॲप आणलं. आठवड्याभरात त्यावर गेलेल्या माणसांचा बाजार भरला. नट रॉबिन विल्यम्स २०१४ मध्ये गेले. त्यांची मुलगी झेल्डा हिने ऑक्टोबरमध्ये लोकांना हात जोडल्यासारखी विनंती केली की माझ्या वडिलांचे असले व्हिडिओ मला पाठवू नका. मार्टिन ल्यूथर किंग यांचे हिणकस व्हिडिओ इतके झाले की त्यांच्या वारसांच्या मागणीवरून कंपनीला ते थांबवावे लागले.

विल्यम्स यांनी मरणापूर्वीच कायदेशीर तजवीज केली होती. आपल्या प्रतिमेचा बाजारी वापर मृत्यूनंतर २५ वर्षं, म्हणजे २०३९ पर्यंत होऊ नये, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे मृत्युपत्रात घर, शेत, दागिने असतात. यापुढे कलावंतांनी त्यात गळा आणि चेहराही लिहावा. ज्यांच्या घरी रेकॉर्डिंगचे जुने खोके पडून आहेत त्यांनी तर आजच वकील गाठावा.

पुष्पाचा मराठी माणूस

'पुष्पा'च्या हिंदी आवृत्तीत अल्लू अर्जुनला आवाज दिला तो श्रेयस तळपदे यांनी. उत्तरेतल्या प्रेक्षकाला पुष्पाचा जो रुबाब आवडला त्यात अर्धा वाटा या मराठी नटाच्या घशाचा आहे. त्यांचं नाव झालं, चांगलं झालं. पण मुंबईत डबिंगच्या स्टुडिओत तासावारी उभे राहणारे शेकडो कलाकार कुणाला ठाऊक आहेत? कार्टूनमधला उंदीर, मालिकेतली सासू, माहितीपटातला निवेदक, रेल्वेतली सूचना, हे सगळे त्यांचेच गळे. आवाज सर्व माध्यमांसाठी आणि कायमचा दिला, अशी करारातली एक ओळ त्यांचा उद्याचा रोजगार गिळू शकते. आज दिलेल्या आवाजावर यंत्र शिकवलं की उद्या त्या कलाकाराला बोलवायचं कारणच उरत नाही.

हॉलिवूडच्या नटांनी २०२३ मध्ये ११८ दिवस संप केला आणि अनेक मागण्यांबरोबर हेही पदरात पाडून घेतलं की संगणकीय प्रतिरूप वापरायचं तर संमती आणि मोबदला हवा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने मार्च २०२४ मध्ये आवाजाच्या रक्षणाचा कायदाच केला आणि त्याला एल्विस प्रेस्लीचं नाव दिलं. आपल्या कलाकारांनीही सही करण्याआधी ती ओळ खोडायला सांगावी. एकट्याने सांगितलं तर काम जातं, म्हणून सगळ्यांनी मिळून सांगावं.

गुलाबी साडीला उसनं काही लागलं नाही

आता एक चांगली बातमी. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडने २०२४ च्या सुरुवातीला 'गुलाबी साडी' आणलं. स्वतः लिहिलं, स्वतः गायलं. ते मराठीची वेस ओलांडून देशभर नाचलं गेलं, माधुरी दीक्षितनेही त्यावर रील केलं. २०२५ मध्ये त्याचं 'शेकी'ही तसंच पसरलं. कुणा दिग्गजाचा नकली गळा नाही, जुन्या गाण्याची ओरबाड नाही. आपल्या मातीतला ठेका आणि आपलाच आवाज. ज्यांना वाटतं की मोठ्या नावाची उसनवारी केल्याशिवाय गाणं चालत नाही, त्यांनी हे उदाहरण भिंतीवर लावावं. व्हिडिओ व्हायरल करायला चोरी लागत नाही.

कायदा कुणासाठी?

चेहरा आणि आवाज यांच्यावरच्या हक्काचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. जे आहे ते न्यायालयांनी एकेका निकालातून उभं केलं आहे. फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती-तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती झाली. एआयने बनवलेल्या मजकुरावर ठळक खूण हवी आणि सरकारने किंवा न्यायालयाने आदेश दिला की तीन तासांत तो हटवायला हवा, असं त्यात आहे. पाऊल योग्य आहे. पण खूण लावली म्हणून चोरी कायदेशीर होत नाही. 'हा नकली आवाज आहे' असं लिहून आशाताईंचा गळा विकला तरी तो त्यांचाच गळा आहे.

शिवाय उच्च न्यायालयाची पायरी कोण चढू शकतं? आशाताई, अरिजित, अनिल कपूर. त्यांनी लढून वाट केली, त्यांचे आभार. पण जेजुरीच्या जागरणात रात्रभर गाणाऱ्या मुरळीचं काय? यात्रेत कुणी मोबाइलवर तिचं गाणं टिपतं, कुणी त्यावर डीजेचा ठेका चढवतं, कुणी उद्या तिच्या गळ्याची नक्कल तयार करेल. तिच्याकडे ना वकील, ना कंपनीचा पत्ता. डेन्मार्क सरकारने २०२५ मध्ये प्रस्ताव मांडला की प्रत्येक नागरिकाचा चेहरा आणि आवाज त्याचा स्वतःचा मानावा, मग तो प्रसिद्ध असो वा नसो. आपल्यालाही असाच कायदा हवा. तो नटांसाठी नको, सगळ्यांसाठी हवा. आपल्या आमदार-खासदारांना हा प्रश्न विचारा. निवडणुकीत त्यांच्याही आवाजाच्या नकला फिरतात, त्यामुळे तो त्यांना लगेच समजेल.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. संशयास्पद क्लिप पुढे पाठवू नका, 'खोटं आहे' असं लिहूनही पाठवू नका. फोनवर नातवाचा किंवा भावाचा घाबरलेला आवाज पैसे मागत असेल तर फोन ठेवा आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. आणि कुणी कौतुकाने लतादीदींनी कधीच न गायलेलं गाणं त्यांच्या 'आवाजात' ऐकवलं, तर ऐकण्याआधी एवढंच विचारा: त्यांच्या घरच्यांना विचारलं होतं का?